नैवेद्याआधीची जीभ-तपासणी

३ ऑगस्ट, रविवार

आज सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान होतं. विषय : जिभेवरचे फोड, डाग आणि इतर बदल. वक्त्या डॉ. अक्षता, आमच्याच बी ब्लॉकमधल्या, दातांच्या डॉक्टर. ऐकायला आम्ही मोजकेच होतो आणि त्यातलेही निम्मे एसीसाठी आलेले. पडद्यावर एकेक जीभ मोठी करून दाखवली. पांढरा थर असलेली, लाल चट्टे उठलेली, मागे गोट्या असलेली, एक तर चक्क काळी केसाळ. ती पाहून इंदुमतीबाईंनी हातातला समोसा परत प्लेटमध्ये ठेवला.

मला अर्ध्यातून उठावं लागलं, कारण घरी वाल सोलायचे राहिले होते. पण चित्रं सगळी बघून झाली होती, पुढे नुसतं स्पष्टीकरणच उरलं होतं. केंद्र सरकारात आयुष्य फायली वाचण्यात गेलं आहे. चित्र बघितलं की मला प्रकरण कळतं.

घरी आल्यावर आरशात स्वतःची जीभ पाहिली. लालबुंद, गुळगुळीत, चकचकीत. फोड नाही, डाग नाही, थर नाही, खरखर म्हणून नाही. या वयात अशी जीभ सोसायटीत दुसऱ्या कुणाची नसेल. शिस्तीचा परिणाम, दुसरं काय. पित्त होतं म्हणून दूध, दही केव्हाच सोडलं आणि सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी, इतक्या वर्षांत एक दिवस चुकलेली नाही.

यंदा मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीचं स्वयंपाकघर माझ्याकडे सोपवलं आहे. सुधाकररावांचा गुडघा दुखायला लागला म्हणून त्यांनी ते पद सोडलं, मोदक मात्र अजून त्यांच्याकडेच आहेत. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यावर माझा फोन वाजायचाच बंद झाला होता. आता दिवसभर वाजतो. उल्हासराव, तांदळाची पिठी कुठून आणायची? उल्हासराव, नारळ किती? हे पद गेलं तर मी पुन्हा सोफ्यावर बसेन, आणि त्या सोफ्याची मला भीती वाटते.


५ ऑगस्ट, मंगळवार

घरातली तपासणी पूर्ण.

विजयालक्ष्मी ऑफिसला निघाली होती. तिच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, म्हणून तर घरचा स्वयंपाक मी घेतला. मेट्रो चुकेल म्हणत होती. मी म्हटलं, जीभ बाहेर काढायला असा कितीसा वेळ लागतो? टॉर्च लावून पाहिलं. अगदी मागे, घशाशी, मोठाल्या गोट्यांची रांग! शिवाय मध्यभागी पांढरट थर. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, असं काय बघताय?"

"काही नाही. आपण मिळून निभावून नेऊ."

ती घड्याळाकडे बघत पळाली.

केतकी गुरुग्रामला नोकरी करते. तिच्या जिभेच्या टोकाला पुटकुळी सापडली.

"पुटकुळी म्हणजे? पिंपल का?" पोरगी दिल्लीत वाढली, निम्मे शब्द तिला समजावून सांगावे लागतात. "यार बाबा, काल गरम मोमो खाल्ला. बस. दोन दिवसांत जाईल."

मायलेकींच्या जिभा बिघडल्याचा पुरावा ताटात दिसतोच. विजया हल्ली माझी आमटी भाताला जेमतेम लावते आणि पाणी मात्र तांब्याच्या तांब्या पिते. केतकी तर किती दिवस दहीभातावरच आहे. त्यांना चवच लागत नसणार बिचाऱ्यांना.


९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. नारळीभात केला. त्यात चिमूटभर मीठ घातलं की गोडाला उठाव येतो, हे गुपित फार थोड्यांना माहीत आहे. मला चमचा लागत नाही, मीठ माझ्या हाताला कळतं.

विजयाने पहिला घास डोळे मिटून खाल्ला. इतकी रमली की बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढा चांगला झालाय, शेजारी देऊ या." आणि मला वाढायच्या आत सगळा डब्यात भरला. संध्याकाळी चड्ढासाहेब रिकामा डबा घेऊन आले आणि विचारू लागले, "भाईसाहब, ये मीठा था या नमकीन?" पंजाबी माणसाला नारळीभातातलं काय कळणार.

सकाळचा प्राणायाम लागू पडतो आहे. पायांच्या बोटांना मुंग्या येतात, म्हणजे ऊर्जा खालपर्यंत पोचते. चहा मात्र जिभेला फार झोंबतो. गॅस जास्त तापत असावा, रेग्युलेटर बदलून घेतला पाहिजे.


१४ ऑगस्ट, गुरुवार

मंडळाची बैठक. मी प्रस्ताव मांडला की नैवेद्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची जीभ तपासली जावी.

इंदुमतीबाई म्हणाल्या, "अहो उल्हासराव, देवाला दाखवल्याशिवाय नैवेद्य चाखायचा नसतो. मग जिभेचा संबंध येतोच कुठे?"

मी म्हटलं, "ताई, संबंध शुद्धतेचा आहे." यावर कुणी काही बोललं नाही. हरकत नाही म्हणजे संमती, हा जुना नियम आहे.

तपासणीत बऱ्याच गोष्टी उघडकीला आल्या. मागच्या गोट्या जवळजवळ सगळ्यांना निघाल्या. साथ असावी. त्यांना दिवसातून तीनदा चुळा भरायच्या अटीवर सशर्त परवानगी दिली. पण सुधाकररावांनी जीभ बाहेर काढली आणि मी मागे सरकलो. जिभेवर नकाशा होता. लाल बेटं आणि भोवती पांढरी किनार.

"हे कधीपासून?"

"लहानपणापासून. जागा बदलतं ते. आज इथे, महिन्याने तिथे. तिखट खाल्लं की जरा झोंबतं, बाकी काही नाही."

जागा बदलतं म्हणजे पसरतं! मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की यंदा मोदकांना हात लावू नका, आरतीचं बघा. वाद होईल म्हणून मी मुद्दे तयार ठेवले होते. ते नुसतं "ठीक आहे, उल्हासराव" म्हणाले आणि जिना उतरून गेले. मोदकाच्या कळ्या त्यांच्यासारख्या मंडळात दुसऱ्या कुणाला पाडता येत नाहीत.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला सुधाकरराव नेहमी माझ्या शेजारी उभे राहतात. आज पुढच्या रांगेत होते. मी केलं ते योग्यच केलं. तरी मन लागलं नाही. जिलबीसुद्धा गोड वाटली नाही. तशी ती बेचवच होती, हलवाई बदलायला हवा.


२० ऑगस्ट, बुधवार

विजयाने चतुर्थीची रजा टाकली आहे. विचारलं, कशाला? म्हणाली, "तुमच्या मदतीला." मग थोड्या वेळाने, नखाकडे बघत, "मीठ मी घालू का त्या दिवशी?" मला हसूच आलं. म्हटलं, तू दुर्वा निवड.

रात्री आमटी अळणी वाटली म्हणून वरून मीठ घेतलं. केतकीने आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे पाहिलं. दोघींचं काहीतरी शिजतं आहे. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस येतो, सरप्राइज पार्टी असावी. मी माहीत नसल्यासारखं दाखवणार आहे.

हल्ली थकवा फार येतो. आज दूधवाल्याचं नावच आठवेना. जबाबदारीचं पद म्हटलं की असं व्हायचंच.


२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

सकाळी हॉलमागच्या स्वयंपाकघरात मी होतो आणि विजया. ती मला सारखी बाहेर पाठवत होती. मांडववाल्याचा फोन आलाय, दुर्वा कमी पडताहेत, गुरुजींना गेटवर गार्ड अडवतोय. दरवेळी परत आलो की म्हणायची, "वरणात मीठ घातलं मी", "भाजीत घातलं मी." मला राग आला, पण सणाचा दिवस म्हणून गप्प राहिलो. मोदक फुटले. सुधाकरराव नव्हते, कळ्यांना पिळा बसला नाही, निम्म्यांचं सारण बाहेर आलं.

दुपारी नैवेद्य झाला, पानं वाढली. मी पहिला घास घेतला. सगळं अळणी! वरण अळणी, भाजी अळणी. आणि लोक मागून मागून घेत होते. "उल्हासराव, काय चव आहे!" इंदुमतीबाई म्हणाल्या, "पहिल्याच वर्षी हात बसला तुमचा." मला कळेना, हे माझं मन राखताहेत का? माझी कीव करताहेत? पद मिळून महिना झाला नाही आणि लोक मला सांभाळून घ्यायला लागले!

म्हणून संध्याकाळचा मसालेभात मी एकट्याने केला. विजया घरी साडी बदलायला गेली होती. मोठं पातेलं, आरतीला सगळी सोसायटी येणार, दुपारची कसर भरून काढायची होती. मीठ हाताने घातलं. मग अंदाजाने थोडं आणखी.

आरती झाली, द्रोण वाटले. पहिल्या रांगेतल्या मुलाने घास थेट झेंडूच्या हारात थुंकला. त्याची आई "अरे, प्रसाद आहे!" म्हणून त्याला रागावली, स्वतः खाल्लं आणि तोंड दाबून बाहेर पळाली. चड्ढासाहेबांनी हात जोडले आणि द्रोण खुर्चीखाली सरकवला. इंदुमतीबाईंना ठसका लागला तो थांबेना. कुणीतरी ओरडलं, "पानी लाओ यार, जल्दी!" हॉलमध्ये एवढी गडबड आणि मी हातात डाव घेऊन उभा. एक घास मी खाऊन पाहिला. मला तो ठीक लागला.

सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस खाली मान घालून जेवत होता. सुधाकरराव. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण द्रोण संपवला. "प्रसाद टाकायचा नसतो," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉ. अक्षता आरतीला आल्या होत्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हाला हे खारट लागत नाही?"

"नाही."

"जीभ दाखवा बरं."

मंडळाच्या सगळ्या जिभा मी तपासल्या, माझी कुणी तपासली नव्हती. गणपतीच्या बाजूला, चपलांच्या ढिगापाशी, मोबाइलच्या उजेडात मी जीभ बाहेर काढली. मनात थोडा अभिमानच होता.

"काका, उंचवटे कुठे गेले?"

"कसले उंचवटे? माझ्या जिभेवर तसलं काही नाही. एकदम स्वच्छ आहे."

"तेच म्हणतेय मी. जिभेवर बारीक उंचवटे असायलाच हवेत. चव घेणाऱ्या जागा त्यांच्यात असतात. तुमचे झिजून गेलेत. चहा झोंबतो का? पायांना मुंग्या येतात? थकवा?"

मी हो म्हणत गेलो. रेग्युलेटर आणि प्राणायामाचं काही बोललो नाही.

"आणि मागच्या गोट्या?" मी विचारलं. "ती साथ?"

"त्या सगळ्यांना असतात, जन्मापासून. पांढरा थर घासला की जातो. सुधाकरकाकांच्या जिभेवर आहे ना, तो नकाशा अगदी निरुपद्रवी असतो, कुणाला लागत नाही." मग म्हणाल्या, "हे सगळं व्याख्यानात सांगितलं होतं मी. तुम्ही अर्ध्यातून गेलात का?"

मी वाल सोलायला गेलो होतो.


२८ ऑगस्ट, गुरुवार

अक्षतांनी फिजिशियनकडे पाठवलं. रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. शाकाहार, त्यात दूध-दही बंद, आणि त्यावर वर्षानुवर्षं डॉक्टरांना न विचारता घेतलेली ॲसिडिटीची गोळी. एवढी मोठी शिस्त, आणि तिनेच घात केला. इंजेक्शनं सुरू झाली. जीभ काही आठवड्यांत भरून येईल म्हणाले. हे असंच आणखी चाललं असतं तर पायांच्या नसांचं कठीण होतं, असंही म्हणाले. तेव्हा विजयाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की डॉक्टरांना रक्तदाब दुसऱ्या हाताचा घ्यावा लागला.

घरी आल्यावर मी विचारलं, "कधीपासून खारट होतंय?"

"होळीपासून."

"होळीपासून! आणि तुम्ही खात होतात?"

केतकी म्हणाली, "मी ऑफिसमध्ये खायचे, बाबा. सॉरी. आई खात होती. तू वॉकला गेलास की आमटीत पाणी घालायची, उकडलेला बटाटा घालायची. फिर भी..."

मला संताप आला. बायको आणि मुलगी मिळून मला फसवत होत्या, साऱ्या सोसायटीसमोर माझं हसं झालं. "एका शब्दाने सांगता आलं नाही तुला?" मी विजयाला म्हणालो, आवाज चढला होता.

"सांगितलं होतं. मार्चमध्ये एकदा म्हटलं, भाजीत मीठ जरा जास्त पडलंय. तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि जाऊन सोफ्यावर बसलात. तुमची रिटायरमेंट झाली तेव्हा बसायचात तसे. टीव्ही बंद, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत. चार दिवस. पाचव्या दिवशी मीच म्हटलं, तुमच्या हातची आमटी खावीशी वाटतेय." ती थांबली. "मला वाटलं, तुमचा हात बिघडलाय. तब्येत बिघडली असेल हे लक्षातच आलं नाही माझ्या. आधी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. चूक माझीच आहे."

मला ते चार दिवस आठवत नाहीत. म्हणजे आठवतात, पण मला वाटत होतं की मी विश्रांती घेत होतो. मी तिच्याशेजारी बसलो. खूप लाज वाटली.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळीच सुधाकररावांकडे गेलो. माफी मागितली आणि स्वयंपाकघराचा राजीनामा लिहून नेला होता तो पुढे केला. घडलेलं सगळं एका परिच्छेदात बसवलं होतं.

त्यांनी तो न वाचताच चहाच्या कपाखाली ठेवला. म्हणाले, "शाळेत पोरं मला नकाशा म्हणून चिडवायची. त्यानंतर थेट तुम्हीच. फरक एवढाच की त्या पोरांना मी मारलं होतं."

"मलाही मारा."

"गुडघा दुखतोय. आणि तुम्हाला मारलं तर रविवारच्या महाप्रसादाचं कोण बघणार? माझ्याच्याने एवढा वेळ उभं राहवत नाही. सगळं तुम्ही करा, मी खुर्ची टाकून बसतो आणि मीठ घालतो. मोदकही मीच वळणार. चालेल?"

मी म्हटलं, चालेल.


३१ ऑगस्ट, रविवार

महाप्रसाद झाला. मी ढवळायचो, पातेलं त्यांच्या खुर्चीपुढे न्यायचो, ते मीठ टाकायचे आणि "बस" म्हणायचे. मला काहीच चव लागली नाही, पण लोकांची तोंडं बघत होतो. दोन घासांत पानावरून हात उचलणारा एकही नव्हता. उरलं काहीच नाही. सोसायटीच्या हौदात विसर्जन करून आलो तेव्हा पाय भरून आले होते. सुधाकरराव म्हणाले, पुढच्या वर्षी खुर्ची जरा उंच आणा.


५ ऑक्टोबर, रविवार

इंजेक्शनं चालू आहेत. गोळी डॉक्टरांनी बंद केली, दही परत आलं. मुंग्या कमी झाल्या आहेत. विजया आणि केतकी रोज विचारतात, काही फरक? मी म्हणतो, अजून नाही. परवा काकडी जराशी काकडीसारखी लागली, पण खात्री नव्हती म्हणून बोललो नाही.

आज रविवार म्हणून विजयाने स्वयंपाक केला. आमटी, भात, भेंडी. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातचं. मी आमटीभाताचा पहिला घास घेतला.

आमटीत मीठ नव्हतं.

मीठ नव्हतं, आणि ते मला कळलं! चिंच कळली, गूळ कळला, गोडा मसाला कळला आणि मीठ नाही हेही कळलं. ताट सोडून उठावं, चड्ढासाहेबांची बेल वाजवावी, सुधाकररावांना फोन लावावा असं झालं. तोंड उघडलंसुद्धा. आणि विजया दिसली. घामेजलेली, पदराने कपाळ पुसत उभी, माझ्याकडे टक लावून. सुट्टीच्या एका दिवशी तिने हौसेने केलेली आमटी, आणि मी काय म्हणणार, मीठ विसरलीस?

"कशी झालीये?" तिने विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. "वाढ आणखी."

तिने वाढली नाही. तिचा चेहराच उतरला. केतकीने हातातला चमचा खाली ठेवला.

"नाही ना कळलं?" विजया म्हणाली. "मी मुद्दाम नाही घातलं मीठ. म्हटलं, बघू तरी, जीभ आली का."

तिचा आवाज ओला झाला होता. मी वाटी पुढे केलेली तशीच होती.

"मीठ नाहीये," मी म्हणालो. "गूळही जास्त पडलाय. आणि भेंडी थोडी करपली आहे."

मग ती रडायला लागली आणि केतकी हसायला लागली, की उलट, ते आता नक्की आठवत नाही.

"मग बोलला का नाहीत?" डोळे पुसत विजयाने विचारलं.

"तू तरी कुठे बोललीस?"

त्यावर तिने माझी वाटी ओढून घेतली आणि काठोकाठ भरली. मी सगळी खाल्ली.